नवख्याचा नकार

गरजवंतास अक्कल नसते, अशी आपल्याकडे म्हण आहे. वस्तुतः गरजवंतास अक्कल पुष्कळ असते. नसते ती सवड. करारपत्र पुढे करणारा थांबू शकतो आणि त्यावर सही करणारा थांबू शकत नाही, एवढ्या एका भेदावर जगातील बहुतेक करारांची कलमे बेतलेली असतात. म्हणूनच सही करणारा जेव्हा ‘मी थांबतो’ असे म्हणतो, तेव्हा ती गोष्ट इतिहासाने टिपून ठेवण्याजोगी होते. प्रस्तुत लेखात आम्ही अशा काही नकारांचा वृत्तांत देणार आहोत, आणि तो खेळाच्या मैदानावरील आहे. खेळ हा विषय हलका मानण्याची रीत सुशिक्षित घरांतून अद्यापि आहे. परंतु ज्याची सारी पुंजी त्याच्या देहात साठविलेली आहे, आणि तीही मोजक्या वर्षांपुरती, अशा माणसाचा करार कसा घडतो हे मैदानावर जितके उघड दिसते तितके कचेरीत दिसत नाही.

पहिली हकीकत पैशाची नव्हे, मानाची आहे. पळवणकर बंधूंचे घराणे चांभार जातीचे. थोरले बाळू हे पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर खेळपट्टी राखीत आणि साहेबांस सरावासाठी चेंडू टाकीत. त्या चाकरीतच त्यांच्या डाव्या हाताची फिरकी तयार झाली. पुढे हिंदूंच्या संघास त्यांच्यावाचून चालेना. १९०६ साली मुंबईस हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी हरविले, त्या संघात बाळू व त्यांचे बंधू शिवराम हे दोघेही होते. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी मिळविले. मैदानावर ज्याच्या हातून चेंडू घ्यावयाचा, त्यास मैदानाबाहेर चहा मात्र निराळ्या मातीच्या भांड्यातून द्यावयाचा, असा तो काळ होता. एवढी कामगिरी करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्यास कधी आले नाही.

१९२० साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांसाठी संघ निवडला गेला, त्यात कर्णधारपद एम. डी. पै यांस मिळाले आणि बाळूंस संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा विठ्ठल व शिवराम या धाकट्या बंधूंनी आपली नावे मागे घेतली आणि आपली कारणे जाहीर निवेदनाने लोकांपुढे मांडली. कर्तबगारी एकाची आणि मान जातीवर, हा व्यवहार आम्हांस मान्य नाही, हे त्या निवेदनाचे सार होते. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली. लोकमताचे वजन पडले. आणि अंतिम सामन्याच्या वेळी बंधू परत आले व बाळूंस उपकर्णधार करण्यात आले. १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांस नमविले.

या नकारास यश का आले, हे पाहण्याजोगे आहे. विठ्ठल हे त्या वेळी संघातील अव्वल फलंदाजांपैकी होते. त्यांच्या जागी उभा करावयास तितक्या तोलाचा माणूस नव्हता, हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. ज्याचा अपमान झाला तो एक, आणि अंग काढून घेणारे दुसरे दोघे. स्वतःसाठी अडून बसणाऱ्यास लोक हट्टी म्हणतात. दुसऱ्यासाठी अडून बसणाऱ्यास तसे म्हणताना जीभ अडखळते.

दुसरी हकीकत १९५२ सालची. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मद्रास येथे हिंदुस्थानने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तो मुख्यतः विनू मंकड यांच्या जोरावर. इंग्लंडच्या पहिल्या डावात ५५ धावांत ८ व दुसऱ्यात ५३ धावांत ४ असे बारा बळी त्यांनी घेतले. त्याच उन्हाळ्यात विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला जावयाचा होता. मंकड जन्माने जामनगरचे, पण त्या काळी मुंबईकडून खेळत, आणि क्रिकेट हेच त्यांच्या चरितार्थाचे साधन होते. लँकशायरमधील हॅसलिंग्डन या गिरण्यांच्या गावच्या क्लबाने त्यांस हंगामभरासाठी पगारी खेळाडू म्हणून बोलाविले होते. मंकड यांनी नियामक मंडळास एवढेच विचारले की, माझी निवड होईल असे आश्वासन द्याल काय? दिल्यास मी क्लबाचे बोलावणे नाकारतो. कोणा एका खेळाडूस आगाऊ वचन देणे मंडळास कमीपणाचे वाटले. आश्वासन मिळाले नाही, आणि मंकड यांनी क्लबाशी करार केला.

जूनमध्ये लीड्स येथे पहिला कसोटी सामना झाला. दुसऱ्या डावात हिंदुस्थानचे चार गडी बाद झाले तेव्हा फलकावर धावा किती होत्या? शून्य. रॉय, गायकवाड, मंत्री व मांजरेकर हे चौघे एकही धाव फलकावर लागण्यापूर्वी परतले होते. मग मात्र मंडळाचा ताठा उतरला व हॅसलिंग्डनकडून मंकड यांस मोकळे करवून घेण्याची धावपळ झाली. लॉर्ड्सच्या सामन्यात त्यांनी ७२ व १८४ धावा केल्या आणि इंग्लंडच्या एका डावात ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. सामना इंग्लंडने आठ गड्यांनी जिंकला. पण तो मंकड यांचा सामना म्हणूनच लोकांच्या स्मरणात राहिला.

मंकड यांचा नकार टिकला, कारण त्यांस जावयास दुसरे दार होते. हॅसलिंग्डनच्या गिरणीवाल्यांनी पगार देऊ केला नसता, तर ३५ वर्षांच्या त्या थोर खेळाडूस मंडळ देईल ते मुकाट्याने घ्यावे लागले असते. आणि हा नकार एका सिद्ध, जगन्मान्य पुरुषाचा होता हे विसरता कामा नये. ज्याने अजून काहीच सिद्ध केलेले नाही, अशा विशीतल्या पोराने काय करावे? त्या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण अमेरिकेत सापडते.

अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात तो खेळ पायांपेक्षा हातांचा आणि धडकांचा आहे. त्यात चेंडू छातीशी कवटाळून प्रतिपक्षाच्या भिंतीत घुसणारा एक धावपटू असतो. कबड्डीत चढाई करणारा गडी एकटा सात जणांत शिरतो. त्या गड्यास प्रत्येक चढाईत अंगावर लोटणाऱ्या धिप्पाड देहांची कल्पना जोडली म्हणजे या धावपटूचे चित्र पुरे होते. त्याची उमेदीची वर्षे थोडी, आणि ती बहुधा कारकिर्दीच्या आरंभीचीच. गुडघा वा खुबा एकदा दुखावला की संपले.

तेथील व्यावसायिक संघांनी १९३६ पासून अशी पद्धत पाडली की, विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने निवड करावी, आणि ज्यास ज्या संघाने निवडले त्याने त्याच संघाशी करार करावा. म्हणजे वधूने वर पाहू नये. चिठ्ठी निघेल त्यास माळ घालावी. गमतीची गोष्ट अशी की, या पद्धतीने निवडलेला अगदी पहिला खेळाडू, शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर, हा धावपटूच होता, आणि तो व्यावसायिक सामना कधी खेळलाच नाही. त्याने मागितलेली रक्कम संघास जड वाटली व संघ देईल ती त्यास हलकी वाटली. पद्धत आणि पद्धतीस नकार, दोन्ही एकाच वर्षी जन्मास आली.

पुढे अर्धशतकाने, १९८६ साली, बो जॅक्सन या धावपटूस टँपा बे संघाने सर्वप्रथम निवडले. त्या संघाच्या वर्तनाने आपला विद्यापीठातील बेसबॉलचा हंगाम बुडाला असा त्याचा रोष होता. त्याने सही केली नाही आणि तो सरळ कॅन्सस सिटीच्या संघातून बेसबॉल खेळू लागला. त्यासही दुसरे दार होते. पुढील वर्षी दुसऱ्या संघाने त्यास सातव्या फेरीत निवडले व तो फुटबॉलमध्ये परतला. पण जानेवारी १९९१ मध्ये खुबा दुखावला आणि अवघ्या चार हंगामांत त्याचे फुटबॉल संपले. ज्यांस दुसरे दार नव्हते ते निदान सराव शिबिरापासून दूर राहत. २००५ साली शिकागो संघाने चौथ्या क्रमांकावर निवडलेला सेड्रिक बेन्सन महिन्याहून अधिक काळ असाच बाहेर राहिला. ‘एक चेंडूही न खेळता इतकी मिजास!’ असे प्रेक्षक म्हणत. पण खेळून झाल्यावर, देह झिजल्यावर, त्याचे ऐकणार कोण होते?

हा झगडा २०११ साली मिटला, आणि मिटला तो मोठ्या चतुराईने. संघमालक व खेळाडूंची संघटना यांच्यात नवा ठराव झाला आणि नवख्यांचे वेतन निवडीच्या क्रमाप्रमाणे जवळजवळ बांधून टाकण्यात आले. २०१० साली पहिल्या क्रमांकावर निवडलेल्यास ५ कोटी डॉलरांची हमी मिळाली होती. २०११ साली त्याच क्रमांकाच्या खेळाडूचा चार वर्षांचा सारा करार २ कोटी २० लाखांचा झाला. ठराव करणारे खेळाडू जुने होते. ज्यांचे वेतन कापले गेले ते अद्यापि विद्यापीठात होते. बैठकीत जो हजर नसतो त्याच्या पानातले आधी उचलले जाते, हा नियम जातिभोजनापासून मजूर-ठरावापर्यंत सर्वत्र सारखाच आहे. धावपटूस हा नियम विशेष जाचला, कारण बांधलेल्या वेतनाची ती चार वर्षेच बहुधा त्याची उत्तम वर्षे असतात.

हीच पद्धत २००८ साली भारतीय क्रिकेटमध्ये अवतरली. त्या वर्षी इंडियन प्रीमियर लीगमध्ये नामवंतांचा लिलाव झाला व धोनी यांस चेन्नईने १५ लाख डॉलरांस घेतले. परंतु १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघातील मुलांची मात्र संघांनी ठरावीक रकमेवर पाळीपाळीने निवड केली. पुढे ज्यांनी भारतातर्फे सामना खेळलेला नाही अशा देशी खेळाडूंस लिलावात प्रवेशच नव्हता. प्रथम श्रेणीचे किती हंगाम खेळला त्यावरून १०, २० किंवा ३० लाख रुपये, अशी २०११ च्या सुमाराची पट्टी होती.

या पट्टीशी दोन तरुणांचा खटका उडाला. त्या विश्वविजेत्या संघातील रवींद्र जडेजा यांनी राजस्थान संघाशी कराराचे नूतनीकरण न करता अन्यत्र बोलणी केली, म्हणून २०१० चा सबंध हंगाम त्यांस बाहेर बसविण्यात आले. मनीष पांडे हे या स्पर्धेत शतक काढणारे पहिले भारतीय. २०११ साली पुण्याच्या संघाशी झालेल्या त्यांच्या बोलण्यांत नियमभंग झाला असे ठरवून त्यांस चार सामन्यांची बंदी झाली. नियम मोडला हे खरेच. परंतु त्यांच्या गुणांची बाजारातील किंमत नियमाने ठरविलेल्या किमतीहून किती निराळी होती, हे लवकरच दिसले. जडेजा यांस २०११ मध्ये ९ लाख ५० हजार व २०१२ मध्ये २० लाख डॉलर मिळाले. २०१४ पासून नवख्यांनाही लिलाव खुला झाला, आणि पहिल्याच वर्षी कर्ण शर्मा यांस ३ कोटी ७५ लाख रुपये मिळाले. आदल्या वर्षीपर्यंत ज्या वर्गास ३० लाखांची मर्यादा होती, त्याच वर्गातील हा खेळाडू.

आमच्या परभणी जिल्ह्यातील वाचकास हे सारे कोट्यधीशांचे भांडण वाटेल. तसे ते वाटू नये. गंगाखेडकडील गावांतून पावसाळा सरता सरता मुकादम उचल वाटू लागतो. नवराबायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर हंगामभराचे श्रम आगाऊ लिहून दिलेले. दर ठरतो टनावर, तोही दूरच्या शहरातील बैठकीत. उचल मात्र आधीच लग्नात नाहीतर दवाखान्यात खर्च झालेली असते. येथेही पुंजी देहाची आहे. कंबर व गुडघे येथेही लवकर जातात. यांना ना हॅसलिंग्डन, ना बेसबॉल. त्यांचे एकच शस्त्र, हंगामाच्या तोंडावर कोयता बंद ठेवणे. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ती अनेकांनी मिळून धरलेल्या आग्रहामुळे. एकट्यादुकट्या जोडप्याने कोयता खाली ठेवला असता तर मुकादमाने दुसरे जोडपे गाडीत बसविले असते.

या साऱ्या वृत्तांतावरून आमचे मत असे झाले आहे की, नकार टिकण्यास तीन गोष्टी लागतात: आपल्यावाचून अडणे, जावयास दुसरे दार असणे, आणि सोबत असणे. पळवणकरांस पहिली व तिसरी होती, मंकड यांस पहिली व दुसरी. नवख्याजवळ बहुधा पहिलीच तेवढी असते, तीही कोवळ्या वयापुरती. आणि नियम करणारे नेमकी तीच काढून घेतात. तेव्हा एखादा तरुण खेळाडू सही न करता बसून राहिला आहे असे वर्तमानपत्रात वाचले, म्हणजे त्यास लोभी म्हणण्यापूर्वी आपण दोन प्रश्न विचारावे. त्याची उमेदीची वर्षे किती? आणि त्याचा दर ज्या बैठकीत ठरला, त्या बैठकीत त्याच्या बाजूने बोलावयास कोण होते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणी नाही’ असे आले, तर त्याचा नकार हेच त्या बैठकीतील त्याचे पहिले भाषण समजावे.