लाकडातला पालाश: मडक्यापासून बॉयलरपर्यंत

लाकूड जळते, पण त्यातला पालाश जळत नाही. झाडाने मुळांवाटे ओढून घेतलेला हा क्षार ज्वाळेत वाफ होतो, धुराबरोबर वर जातो, बॉयलरच्या नळ्यांवर बसतो, उरलेला राखेत सापडतो. लाकूड आणि पेंढा जाळून वीज बनवणाऱ्यांना दोन दुखणी सतत छळतात: धुरातली अतिसूक्ष्म धूळ आणि नळ्यांना लागणारा गंज. दोन्हींच्या मुळाशी गेले की हा पालाशच हाती लागतो.

माणसाला तो आधी भेटला तो कामाचा म्हणून. सुश्रुतसंहितेत क्षार काढण्याची कृती आहे. ठरावीक झाडे जाळायची, राख पाण्यात कालवायची, ते पाणी पुन्हापुन्हा गाळून आटवायचे. त्या झाडांत पळसही आहे. युरोपात हेच पाणी भांड्यात आटवत, म्हणून त्या क्षाराला ‘भांड्यातली राख’ या अर्थाचे पोटॅश हे नाव पडले. साबण, काच, लोकरीची धुलाई यांचे त्याच्यावाचून अडत असे. अमेरिकेने १७९० मध्ये पहिले पेटंट दिले, ते सॅम्युएल हॉपकिन्स यांच्या पोटॅश बनवण्याच्या पद्धतीला. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी पोटॅशमधून विजेच्या साहाय्याने धातू वेगळा केला आणि त्याचे नाव पोटॅशियम ठेवले.

पुढे कोळसा आला आणि लाकडाची राख मागे पडली. ती पुन्हा चर्चेत आणली डेन्मार्कने. तिथे १९८९ मध्ये हास्लेव्ह येथे पेंढ्यावर वीज आणि शहरासाठी उष्णता देणारे केंद्र सुरू झाले. १९९३ मध्ये तिथल्या राजकीय पक्षांनी करार करून वीज कंपन्यांवर वर्षाला १४ लाख टन पेंढा व लाकूड जाळण्याचे बंधन घातले. वीज जास्त हवी तर वाफ अधिक तापवावी लागते. १९९६ च्या मास्नेडो केंद्रात ती ५२२ अंश सेल्सिअसपर्यंत नेली, आणि या तापमानालाच पालाशाचे दुखणे बळावते.

पालाश आणि क्लोरीन यांचे मीठ, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, भट्टीत वाफ होऊन सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ अधिक तापवणाऱ्या, नळ्यांवर थिजते. पोलादावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो हे मीठ पोखरते. मग क्लोरीन आत शिरतो, लोखंडाशी संयोग पावतो, ते संयुग बाहेरच्या ऑक्सिजनला भेटले की मोकळा होऊन पुन्हा आत वळतो. तोच क्लोरीन तेच पोलाद वारंवार खातो. जे मीठ नळीवर बसत नाही ते धुरात थिजून सूक्ष्म धूळ होते.

यावर पहिला उपाय पावसाने दाखवला. कापणीनंतर शेतात भिजलेला पेंढा करडा पडतो, आणि त्यातला पालाश व क्लोरीन बराचसा धुऊन गेलेला असतो. पिवळ्या पेंढ्यापेक्षा हा करडा पेंढा भट्टीला सोसतो. दुसरा उपाय गंधकाचा. पेंढ्याबरोबर कोळसा जाळला की त्यातल्या गंधकामुळे क्लोराइडचे सल्फेट होते, आणि सल्फेट नळीला पुष्कळ कमी त्रास देते. स्वीडनच्या वाटेनफाल कंपनीने हेच काम अमोनियम सल्फेटचा फवारा मारून साधले. फवाऱ्यातला अमोनिया नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करतो, आणि त्या ऑक्साइडांवर स्वीडनने १९९२ पासून शुल्क लावले होते. तिसरा उपाय चिकणमातीच्या जातीचा: केओलिन किंवा कोळशाची राख पालाशाला स्वतःत बांधून ठेवते. कोपनहेगनजवळच्या आवेडोरे केंद्रात लाकडाच्या भुकट्याबरोबर कोळशाची राख सोडतात ती यासाठीच.

आपले साखर कारखाने करड्या पेंढ्याची युक्ती नकळत रोज वापरतात. गाळप करताना उसाच्या चोयट्यांवर गरम पाणी सोडतात. साखरेबरोबर पालाशही रसात उतरतो आणि धुतलेला चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरकडे जातो. पाचटाला ही अंघोळ मिळत नाही, म्हणून ते बगॅससारखे सर्रास भट्टीत ढकलता येत नाही. रसातला पालाश पुढे मळीत आणि डिस्टिलरीच्या सांडपाण्यात उतरतो. ते आटवून बॉयलरमध्ये जाळले की पालाशाने भरलेली राख हाती येते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने या मळीजन्य पोटॅशला खत अनुदान योजनेत घेतले. त्यात किमान १४.५ टक्के पालाश असावा लागतो.

भारत आपला पालाश जवळजवळ सगळा परदेशातून आणतो. अशा देशात धुरांड्यातून गेलेला क्षार हे दुहेरी नुकसान आहे, हवेचे आणि मातीचे. पाचट शेतातच कुजू द्यावे, भट्टीत जाणारे जळण आधी धुतलेले असावे, आणि निर्धोक राख जिथून आली त्या मातीत परत जावी.