नरोरा : पहाटे ३.३१ ते रात्री साडेआठ

नाशिकच्या अंबड-सातपूरला बनलेले ब्रेकर आणि पॅनेल देशभरच्या वीजघरांत जातात. ती जिथे बसतात तिथे आग पोहोचली तर काय होतं, ते उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्राने ३१ मार्च १९९३ रोजी पाहिलं.

आगीआधी : मुख्य आणि राखीव पुरवठ्याच्या केबल काही ठिकाणी एकाच वाटेने टाकलेल्या. मध्ये आग अडेल अशी पुरेशी सोय नाही. माझ्या मते अपघात इथेच झाला होता, ठिणगी तेवढी बाकी होती.

पहाटे ३.३१ : पहिल्या संचाच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. यंत्र हादरलं. जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन सुटून पेटला, पाठोपाठ वंगणाचं तेल.

३.३२ : ऑपरेटरने अणुभट्टी बंद केली. पण बंद भट्टीही तापत राहते. तिला पाणी लागतं, पाण्याला पंप आणि पंपाला वीज.

३.३९ च्या सुमारास : आग केबलवरून पसरली आणि संचाचा सगळा एसी पुरवठा गेला, राखीव धरून. थोड्याच वेळात कंट्रोल रूममध्ये इतका धूर भरला की माणसांना बाहेर पडावं लागलं.

त्यानंतर : ऑपरेटर हातात बॅटरी घेऊन अंधारात वर चढले आणि त्यांनी हाताने झडपा उघडून भट्टीत बोरॉनचं द्रावण सोडलं. आग विझवायचं पाणी बाष्पजनित्रांकडे वळवलं. ते पंप थेट डिझेल इंजिनावर चालायचे, हे नशीब. विजेवरचे असते तर?

पाचच्या सुमारास : मोठी आग विझली. वीज मात्र सतरा तास नव्हती, म्हणजे रात्री साडेआठपर्यंत. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही.

आता आपल्या इलेक्ट्रिकल रूमकडे या. कोपऱ्यात आग विझवणाऱ्या गॅसचे लाल सिलिंडर उभे असतात, त्यांचा दाब वेळच्या वेळी तपासला जातो. पण सुटलेला गॅस खोलीत साधारण दहा मिनिटं टिकला तरच आग परत धरत नाही. नवी केबल ओढताना भिंतीला भोक पाडायचं आणि त्यात चिंधी कोंबून मोकळं व्हायचं, ही आपली पद्धत. गॅस तिथूनच निसटतो आणि धूरही तिथूनच शेजारच्या खोलीत जातो. पुढच्या शटडाऊनला पॅनेलच्या मागे वाका, बॅटरी मारा आणि अशी भोकं मोजा. ती अग्निरोधक सीलंटने बुजवून घेतल्याशिवाय पुरवठा चालू करू नका.