कप्तानाचा मान

दिवाळीच्या सुट्टींत यावलास गेलों असतां एके दिवशीं सायंकाळीं गांवाबाहेरच्या मोकळ्या जागेंत मुलांचा क्रिकेटचा खेळ पहात आम्ही उभे होतों. कप्तान कोण, यावर आरंभीं वाद झाला व तो लगेच मिटलाहि. कारण ज्याची बॅट त्याची कप्तानी, असा तेथील रिवाज होता. ज्या मुलाचा चेंडू कोणालाच धड खेळतां येत नव्हता, तो मात्र शेजारच्या केळीच्या बागेंत गेलेले चेंडू मुकाट्यानें शोधून आणीत होता. आम्हांस प्रथम हंसूं आलें. परंतु मग मनांत आलें कीं, मुंबईच्या मोठ्या मैदानावर शहाण्यासुरत्या माणसांनींहि पुष्कळ वर्षें याच जातीचा न्याय केला. फरक इतकाच कीं, तेथें बॅट कोणाची हें न पाहतां जन्म कोठला हें पाहिलें जाई.

हा इतिहास पालवणकर बंधूंचा आहे. बाळू, शिवराम, गणपत व विठ्ठल हे चौघे भाऊ चांभार समाजांतले. थोरले बाळू यांनीं पुण्यास युरोपियनांच्या क्लबांत मैदानाची निगा राखण्याची चाकरी केली आणि तेथेंच साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकतां टाकतां डाव्या हाताच्या गोलंदाजींत असामान्य प्रावीण्य मिळविलें. युरोपियनांस हरवावयाचें तर हा गोलंदाज हवाच, हें हिंदु खेळाडूंना कळून चुकलें व त्यांनीं बाळूंस आपल्यांत घेतलें. मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू सगळे हाताळीत. परंतु मधल्या सुट्टींत त्यांचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यांतून येई. १९०६ सालीं मुंबईस हिंदु संघानें युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला, त्यांत बाळूंचा वांटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत तर त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. तरीहि हिंदु संघाची कप्तानी त्यांस कधीं लाभली नाहीं.

संघांत घेणें निराळें आणि कप्तानी देणें निराळें. कुशल माणसाचा उपयोग करून घेतांना आपल्या थोरपणास धक्का लागत नाहीं. पण कप्तान गोलंदाज बदलतो, खेळाडूंना जागा नेमून देतो, आणि दहा माणसांना त्याच्या खुणेप्रमाणें वागावें लागतें. ज्याच्या हातचें पाणी चालत नाहीं, त्याची आज्ञा कशी चालावी, ही खरी अडचण होती. या अंधारांत एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. १९१३ सालीं एम. डी. पै यांस कप्तानी मिळाली, तेव्हां हा मान वास्तविक बाळूंचा होता, असें त्यांनीं सत्काराच्या प्रसंगीं उघडपणें सांगितलें.

१९२० सालीं गोष्ट निकरावर आली. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत युरोपियन, पारशी, हिंदु व मुसलमान असे चार संघ खेळत. त्या वर्षीं बाळूंस वगळण्यांत आलें. पै आजारी पडल्यामुळें पहिल्या सामन्यापुरती कप्तानी द्यावयाची होती, ती विठ्ठल यांस न देतां दि. ब. देवधर यांस दिली गेली. देवधर हे आमच्याच धंद्यांतले, संस्कृतचे प्राध्यापक. पुढें १९३९-४० व १९४०-४१ या दोन्ही वर्षीं त्यांनीं महाराष्ट्राला रणजी करंडक मिळवून दिला. तेव्हां त्यांच्या योग्यतेविषयीं प्रश्नच नाहीं. प्रश्न होता तो ज्येष्ठ खेळाडूला कशासाठीं डावललें याचा. विठ्ठल व शिवराम यांनीं आपलें म्हणणें लोकांपुढें मांडलें व संघांतून अंग काढून घेतलें. निवडसमितीला अखेर नमतें घ्यावें लागलें. पारश्यांविरुद्धच्या अंतिम सामन्यास बाळू उपकप्तान झाले व दोघे भाऊ परत आले. मान जाईल तेथें त्यांनीं खेळण्याचें नाकारलें. थोडा न्याय मिळतांच राग धरून घरीं बसले नाहींत.

१९२३ सालीं विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदु संघानें अंतिम सामन्यांत युरोपियनांस हरविलें. हा प्रसंग रंगवून सांगण्याचा मोह सर्वांस होतो. आमच्या मतें मात्र खरी कसोटी पुढच्या वर्षीं लागली. १९२४ सालीं मुसलमान संघ विजयी झाला, आणि तरीहि विठ्ठल यांची कप्तानी गेली नाहीं. १९२५ व १९२६ सालीं त्यांच्याच हाताखालीं हिंदु संघानें पुन्हा यश मिळविलें. उपकार म्हणून दिलेली जागा पहिल्या अपयशासरशीं काढून घेतां येते. हक्कानें मिळालेली जागा पराभवानंतरहि टिकते. इतरांना हरण्याची जेवढी मुभा असते तेवढी ज्याला मिळाली, त्यालाच समाजानें बरोबरीचा मानलें असें समजावें.

हें लिहितांना आम्हांस आमची एक चूक आठवते. एका कॉलेजांत आम्ही क्रीडासमितीवर होतों. एका गरीब घरच्या विद्यार्थ्यास आम्ही मोठ्या कौतुकानें कप्तान केलें आणि तो पहिलाच सामना हरतांच ‘याला जमावयाचें नाहीं’ असें ठरवून दुसरा नेमला. त्याच्या आधींचा कप्तान एका प्रतिष्ठित गृहस्थांचा मुलगा. तो लागोपाठ तीन सामने हरला, तेव्हां ‘दैव फिरलें’ असें आम्हीच म्हणालों होतों. त्या गरीब विद्यार्थ्यानें पुन्हा बॅट हातीं धरली नाहीं. विठ्ठल यांचें ‘माझें क्रीडाजीवन’ हें पुस्तक १९४८ सालीं निघालें. त्यांच्या आयुष्याकडे पाहतां आमचें तें वागणें आम्हांस अधिकच बोचतें.

मैदानावरच्या एका मानानें अस्पृश्यता गेली, असें मात्र कोणी समजूं नये. विठ्ठल यांच्या शेवटच्या विजयाला पुरतें वर्षहि लोटलें नव्हतें, तों १९२७ च्या मार्चांत महाडच्या तळ्याचें पाणी प्याल्याबद्दल लोकांना मार खावा लागला. आमच्या यावल तालुक्यांतील फैजपुरास १९३६ सालीं काँग्रेसचें पहिलें ग्रामीण अधिवेशन भरलें. त्यासाठीं झटलेल्या साने गुरुजींना पुढें १९४७ सालीं, विठोबाचें दार सर्वांस खुलें व्हावें म्हणून, पंढरपुरास दहा दिवस उपोषण करावें लागलें. दार उघडलें म्हणजे आंत येतां येतें. आंत आल्यावर पुढें उभें राहूं द्यावें, यासाठीं मन आणखी मोठें लागतें.

निघण्यापूर्वीं आम्ही त्या मुलांसाठीं एक बॅट विकत घेतली व ती कोणा एकाची नव्हे, सगळ्यांची, असें बजावून दिली. दुसऱ्या दिवशीं चेंडू शोधणारा मुलगा कप्तान झाला. त्याचा संघ हरला. तिसऱ्या दिवशीं कप्तान कोण होतो, हें पाहण्यासाठीं आम्ही एक दिवस अधिक राहिलों.