मागाचा खड्डा

आमच्या घरात एक खड्डा होता. गुडघाभर खोल, भिंतीला लागून. आजी त्यात गोवऱ्या रचायची. उन्हाळ्यात तो रिकामा झाला की आम्ही पोरं त्यात पाय सोडून बसायचो. एकदा आजीला विचारलं, हा बुजवत काहून नाही? ती म्हणाली, "बुजू नको बाप्पा. तुह्या आज्याचा बाप याच्यात पाय सोडून इनत होता."

तिथं माग होता. माग गेला, विणणारा गेला, खड्डा तेवढा राहिला. बुलढाणा जिल्ह्यातल्या गावकुसाबाहेरच्या एका घराचा हा इतिहास.

मित्रांनो, हा खड्डा आज आठवायला कारण घडलं. मागच्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत पारंपरिक हस्तकला जगवायचा कार्यक्रम ठरला. गावातल्या कारागिरांनी पोरांना शिकवायचं, पोरांनी वस्तू करायच्या, शेवटी प्रदर्शन. मलाही बोलावणं होतं. बरं वाटलं. मग गटांची यादी हातात आली. दोर वळायच्या गटात मातंगांची पोरं. टोपल्यांच्या गटात बुरुडांची. चामड्याच्या गटात चर्मकारांची. पाटलाची आणि वाण्याची पोरं प्रदर्शनाचे फलक रंगवणार, पाहुण्यांचं स्वागत करणार.

गुरुजींना विचारलं, ही यादी कशी केली? ते म्हणाले, "घरचंच काम आहे, त्यांना लवकर येतं." गुरुजींच्या मनात पाप नव्हतं. मला भीती वाटली ती त्याचीच. मनात पाप नसताना यादी अशी तयार होते, म्हणजे ती आधीपासूनच कुठंतरी लिहून ठेवलेली आहे.

म्हणून थोडा इतिहास. आपली कला मेली म्हणतात, तर ती कशानं मेली हे आधी बघू.

वऱ्हाडातला महार म्हणजे फक्त येसकर आणि मेलेलं ढोर ओढणारा, असं आपल्याला शिकवलं गेलं. पण जाडंभरडं कापड विणणं हाही त्याचा धंदा होता. मध्य प्रांतातल्या जातींवर रसेल आणि हिरालाल यांचा १९१६ सालचा ग्रंथ आहे, त्यातही महारांच्या विणकामाची नोंद आहे. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला. अंतर सगळं तेरा किलोमीटर, पण उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एवढ्याशा फाट्याला एवढा मोठा साहेब कशाला? तर खामगाव ही कापसाची मोठी पेठ होती.

त्या काळचा कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नाक यानं हिशेब उघड मांडून ठेवला आहे. आगगाडी आली की विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. इथं सुतासाठी खर्ची पडणारा कापूस बाहेर पाठवता येईल. आणि कातणारी-विणणारी माणसं शेतमजुरीला मोकळी होतील. मोकळी! हा शब्द नीट ऐका. आजीच्या घरातला खड्डा असा मोकळा झाला. विणकऱ्याचा मजूर झाला. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचा आणि विकतचं धान्य खायचं. १८९९-१९०० चा छप्पन्नाचा दुष्काळ पडला तेव्हा कापूस शिजवून खाता येत नाही हे त्याला कळलं.

ही झाली साहेबाची करणी. आता आपल्या लोकांची बघा. विणणारा गाव सोडून मुंबईच्या गिरणीत गेला. पिढ्यान्‌पिढ्या विणलेलं, मग विणकामाच्या खात्यात घ्यायला काय हरकत होती? हरकत होती. धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक तोंडानं ओढावं लागायचं. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? म्हणून चांगल्या मजुरीचं विणखातं आपल्याला बंद. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. म्हणजे गावात कापड विणलं तर ते हलकं काम, आणि तेच काम गिरणीत चार पैसे जास्त देऊ लागलं की ते आपलं नाही. काम तेच, हात तेच. आपला हुन्नर कधी विटाळाचा नव्हता, त्याची मजुरी कोणाला मिळावी एवढंच जात ठरवत होती. जातीनं कामाची नाही तर काम करणाऱ्या माणसांची वाटणी केली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात दाखवलं ते यासाठीच.

आता शाळेकडे या. १८८३ साली जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतकऱ्याच्या पोरानं लिहायला शिकावं आणि लोहारी-सुतारीही शिकावी, असं त्यांचं म्हणणं. कुणब्याच्या पोरानं लोहारी शिकायची म्हणजे जातीची भिंत ओलांडायची. हा एक रस्ता.

दुसरा रस्ता वर्ध्याहून निघाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथं शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण, आणि पोरांच्या हातच्या वस्तूंतून शाळेचा खर्च, असा विचार होता. झाकिर हुसेन समितीनं आराखडा केला. खरं तेच सांगतो, प्रत्येक पोरानं बापाचाच धंदा करावा असं त्या आराखड्यात नव्हतं. सूतकताई सगळ्यांनाच होती. पण बामणाच्या पोरानं टकळी फिरवली तर तो संस्कार, आणि आपल्या पोरानं फिरवली तर त्याला पुन्हा हाताच्याच कामाला जुंपायची भीती. ज्याच्या घरात चार पिढ्या ग्रंथ आहेत त्याला टकळी नवी. ज्याच्या घरात चार पिढ्या हातकामच आहे त्याला पाटी नवी.

तिसरा रस्ता तर उघडच दिसला. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी खेड्यातल्या शाळांची वेळ तीन तासांवर आणली. उरलेला वेळ पोरानं बापाबरोबर बापाचा धंदा शिकायचा. पेरियार उभे ठाकले. लोकांनी या योजनेला कुलशिक्षण म्हणजे जातीचं शिक्षण असं नाव ठेवलं आणि राज्यभर वणवा पेटला. १९५४ साली राजगोपालाचारींना जावं लागलं, कामराज आले आणि योजना रद्द झाली.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडू नका. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांना दहा दिवस दप्तराविना गावच्या कारागिरांकडे शिकायला पाठवायचं सांगितलं आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना आली. त्यात अठरा धंदे, गुरुशिष्य परंपरा आणि घराण्याचा धंदा अशी भाषा. तामिळनाडूनं २०२४ साली ती आहे तशी नाकारली आणि जात-घराण्याची अट नसलेली आपली वेगळी योजना काढली. सत्तर वर्षांपूर्वीचा धडा ते विसरले नाहीत.

मग कार्यकर्त्यानं काय म्हणायचं, हस्तकलाच नको? मीही त्या शाळेत तसंच बोललो. तापलो होतो. नागपूरची आठवण सांगितली. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं होतं, की मेलेली ढोरं सोडली तर अस्पृश्यांचं वर्षाला पाचशे रुपयांचं नुकसान होतं, असा हिशेब त्यांच्यापुढे मांडला गेला होता. त्यांचं उत्तर असं, की मग तुम्हीच ती ओढा, तो नफाही घ्या, वर पाचशे मी देतो. सभेत टाळ्या पडल्या.

पण दोर शिकवायला आलेली मातंग समाजाची म्हातारी मावशी टाळ्या वाजवत नव्हती. हातातला वाख खाली न ठेवता ती म्हणाली, "भाऊ, तुमी म्हनता सोडा. पोळ्याला कासरे नेऊन पसाभर जवारी मांगाची, ते म्या सोडलं. नायलॉन आलं, मंग दोरही सुटला. पन हे हात कुठी सोडू? याच्यात जे हाये ते मायं हाये का गावाचं?"

मला उत्तर सुचलं नाही. अंबाडी डोहात किती दिवस भिजवायची, कुजली की वाख कसा सोलायचा, पीळ कुठं थांबवायचा, हे तिला येत होतं. त्या शाळेत ते दुसऱ्या कोणालाच येत नव्हतं. मला तर मुळीच नाही. माझ्या घरात खड्डा होता, पण मला धोटा धरता येत नाही. हुन्नर आमच्याकडून गेला याचं दुःख करायचा हक्क मला आहे, आणि तिचा हुन्नर टाकून दे म्हणायचा हक्क मला नाही. बलुतं टाकायचं असतं, बुद्धी टाकायची नसते.

त्या दिवशी आम्ही यादी फाडली. नव्या चिठ्ठ्या टाकल्या. पाटलाचा पोरगा दोराला आला, मातंगाची पोरगी फलक लिहायला बसली. पाटलाच्या पोराच्या तळव्याला फोड आले. मावशी त्याला म्हणाली, "येईल हळूहळू. मले बी एका दिसात नाही आलं." मावशीला शाल-नारळावर बोळवायचं ठरलं होतं. आम्ही अडून बसलो आणि तिला गुरुजीसारखं रोजचं मानधन लावून घेतलं. फार मोठी क्रांती नव्हे. पण गावात दोन दिवस चर्चा झाली, आणि एका घरून पोराला शाळेत पाठवणंच बंद झालं. म्हणजे घाव बरोबर जागी बसला.

तेव्हा दोस्तांनो, तुमच्या गावात असा कार्यक्रम आला तर हार घालायच्या आधी यादी मागा. कोणत्या गटात कोणाची पोरं, बघा. शिकवणाऱ्याला गुरुजीचा मान आणि दाम आहे का, विचारा. गणित-इंग्रजीचा तास कापून तर हे चाललेलं नाही ना, तपासा. वस्तू विकली तर पैसा कोणाच्या हातात जातो, तो हिशेब पोरांनाच मांडायला लावा. एवढं जमलं तर दोर वळा, टोपल्या विणा, माग पुन्हा उभा करा. नाही जमलं तर कामराजांचं १९५४ साल आठवा.

आजी गेली, घर पडलं, नवं बांधताना खड्डा बुजला. त्या जागेवर आज माझ्या नातीचं अभ्यासाचं टेबल आहे. तिनं विणायला शिकावं असं मला वाटतं. शिकली तर ती तिच्या मर्जीनं शिकेल, जातीच्या हुकमानं नाही.

जयभीम.