कमवा, शिका आणि हजेरी

आमच्या संत तुकाराम नगरात सकाळी चहाच्या टपरीवर चाकणची नाइट शिफ्ट करून थेट कॉलेजला निघालेली पोरं भेटतात. 'कमवा आणि शिका' म्हणून त्यांचं कौतुक होतं. मला ते खटकतं.

म्हणजे बघा, भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह. (त्यासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, हे आपण फार पटकन वाचून पुढे जातो.) पोरं शेतात राबायची, शिकायची. १९४७ मध्ये साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात हीच पद्धत पदवीपर्यंत नेली. काम देणारी आणि शिकवणारी संस्था एकच! पोरगा दमलाय की नाही, हे शिकवणाऱ्याला दिसायचं. पुणे विद्यापीठाची योजना भाऊरावांच्याच नावाची, तीही कॉलेजातच तासांवर काम देणारी.

चाकणच्या सुपरवायझरला सेमिस्टर कधी संपतं याच्याशी काय देणंघेणं? इकडे पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली नाही की टर्म अडकते, आणि शिफ्ट सोडली तर पुढची फी.