अमली पदार्थांची कायदेशीर वर्गवारी

नशा आणणाऱ्या, सवय लावणाऱ्या किंवा मनोव्यापार बदलणाऱ्या पदार्थांची शासनाने कायद्यासाठी केलेली विभागणी. ती रसायनशास्त्राची नसून राज्यकर्त्यांची असते. म्हणूनच एकच पदार्थ एका हद्दीत माल असतो, तर दुसऱ्या हद्दीत मुद्देमाल.

आंतरराष्ट्रीय पाया १९६१, १९७१ व १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारांनी घातला. अमेरिकेने १९७० च्या कायद्यात पाच अनुसूची केल्या, तर ब्रिटनने १९७१ मध्ये अ, ब, क असे वर्ग पाडले. भारताने अशी उतरंड लावली नाही. ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ (बोलीत ‘एनडीपीएस’) १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. त्यात अफू, कोका व गांजाकुळातील द्रव्ये एका बाजूला आणि अनुसूचीत नोंदलेली मनोव्यापारांवर परिणाम करणारी रसायने दुसऱ्या बाजूला आहेत. अशी द्रव्ये बनवायला लागणारा कच्चा माल ‘नियंत्रित पदार्थ’ म्हणून वेगळा धरला जातो.

शिक्षा ठरते ती मुख्यतः वजनावर. २००१ च्या दुरुस्तीनंतर अल्प, मधले आणि व्यापारी असे तीन टप्पे आले. गांजाचे व्यापारी प्रमाण २० किलो, चरसचे १ किलो, हेरॉइनचे २५० ग्रॅम, तर एलएसडीचे अवघे ०.१ ग्रॅम. गांजा अल्प प्रमाणात, म्हणजे एक किलोपर्यंत सापडला, तर कमाल शिक्षा एक वर्षाची आहे. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे, आणि जामीनही दुरापास्त. भेसळीचे वजन मोजायचे की नाही, हा वाद बरीच वर्षे चालला. शुद्ध द्रव्यच मोजावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले होते. हिरा सिंग खटल्यात २०२० मध्ये ते मत बदलून संपूर्ण मिश्रण मोजण्याचा निर्णय झाला. चार ग्रॅम हेरॉइन तीनशे ग्रॅम पिठीत मिसळले, तर प्रकरण थेट व्यापारी ठरते. हे तर्काला धरून आहे, असे म्हणणे कठीण.

व्याख्येतही फटी राहतात. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांशिवायची पाने व बिया त्यातून वगळल्या आहेत. त्यामुळे पानांची भांग केंद्रीय कायद्यातून सुटते व राज्यांकडे जाते. महाराष्ट्रात ती दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते. मेफेड्रोनची (एमडी) गोष्ट उलटी. मुंबईत त्याचा सुळसुळाट झाला, तरी अनुसूचीत नाव नसल्याने पोलिसांचे हात बांधलेले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये अधिसूचना निघाली आणि काल मोकळा असलेला पदार्थ आज गुन्ह्याचा झाला. कायदा नावे लिहीत जातो आणि प्रयोगशाळा नवी रेणूरचना काढीत जाते, ही शर्यत त्यानंतरही थांबलेली नाही.

दारू मात्र या साऱ्या याद्यांबाहेर आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मादक पेये राज्य सूचीत आहेत, तर औषधी द्रव्ये व विषे समवर्ती सूचीत. याचा अर्थ वेंगुर्ले तालुक्यातील रेडीला जितका चटकन कळतो, तितका मंत्रालयातल्या टिपणीला कळणार नाही. तेरेखोल खाडीच्या उत्तर काठावरचा तेरेखोल किल्ला व गाव गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोडतो. पोर्तुगीजांनी तो भाग १७४६ मध्ये सावंतवाडीकरांकडून घेतला होता. त्यामुळे इथे दोन राज्यांची हद्द खाडीतून न जाता रेडीला लागून जमिनीवरून जाते. पलीकडे १९६४ चा गोवा उत्पादन शुल्क कायदा, कमी कर आणि काजूची फेणी. अलीकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ (पूर्वीचा मुंबई दारूबंदी अधिनियम), ज्याखाली दारू पिण्यालाही परवाना लागतो. तीच बाटली हद्द ओलांडली, की वर्तमानपत्रात ‘गोवा बनावटीची दारू’ होते आणि वाहनासह राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या ताब्यात जाते. द्रव्य तेच, परिणाम तोच. बदलतो तो कर आणि कलम.

या १९४९ च्या कायद्याचीही छाननी झाली आहे. मुंबई राज्य विरुद्ध बलसारा (१९५१) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी वैध ठरवली, पण अल्कोहोलयुक्त औषधे व प्रसाधने यांवरची बंदी अवैध ठरवली. एनडीपीएसबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा गुन्हा करणाऱ्याला सक्तीने फाशी देण्याची तरतूद घटनाबाह्य म्हटली. २०१४ च्या दुरुस्तीने फाशी ऐच्छिक केली. गांजाला मात्र रेडीची हद्द ओलांडून काहीच सूट मिळत नाही: केंद्रीय कायदा, वजनाचे टप्पे आणि शिक्षा दोन्हीकडे एकच आहेत.