गर्भाशय-उच्छेदन आणि अंडाशय

गर्भाशय-उच्छेदन अथवा हिस्टरेक्टॉमी म्हणजे गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया होय. बोलीभाषेत तिला ‘पिशवी काढणे’ म्हणतात. गर्भाशयातील गाठी, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणे व कर्करोग ही तिची प्रमुख कारणे आहेत. अंडाशय काढावेत की ठेवावेत, हा स्वतंत्र निर्णय असतो.

शस्त्रक्रियेचे मार्ग

उदरमार्गात ओटीपोटावर छेद घेतला जातो. गर्भाशय फार मोठे असल्यास हा मार्ग उपयुक्त ठरतो. मात्र रुग्ण बरी होण्यास अधिक काळ लागतो. योनिमार्गात पोटावर छेद नसतो, म्हणून शक्य तेथे त्यास प्राधान्य दिले जाते. दुर्बिणीच्या साहाय्याने पहिली गर्भाशय-उच्छेदन शस्त्रक्रिया हॅरी राईश यांनी १९८८ साली अमेरिकेत केली. या पद्धतीत पोटातील अवयव परस्परांना चिकटण्याचे प्रमाण उदरमार्गापेक्षा कमी असते.

अंडाशयांवरील परिणाम

अंडाशयाला महाधमनीतून निघणाऱ्या धमनीद्वारे, तसेच गर्भाशयाच्या धमनीच्या शाखेद्वारे रक्त मिळते. गर्भाशय काढताना ही शाखा तुटते. त्यामुळे अंडाशय राखले तरी काही स्त्रियांत रजोनिवृत्ती लवकर येते, असे मानले जाते. मासिक पाळी आधीच थांबलेली असल्याने ती लक्षात येत नाही; अंगाची लाही होणे, झोप न लागणे यांसारख्या लक्षणांवरून तिचा अंदाज येतो.

राखलेल्या अंडाशयात द्रवाची गाठ होऊन अथवा ते आसपासच्या अवयवांना चिकटून ओटीपोटात वेदना होऊ शकतात. यास अवशिष्ट अंडाशय लक्षणसमूह म्हणतात. अंडाशय काढूनही त्याचा अंश मागे राहिल्यास तसाच त्रास उद्भवतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पोटदुखी किंवा पोटफुगी टिकून राहिल्यास सोनोग्राफी करून घेणे आवश्यक असते.

रजोनिवृत्तीपूर्वी दोन्ही अंडाशय काढल्यास अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका बराच घटतो. परंतु इस्ट्रोजेन एकाएकी कमी होऊन हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. वय जितके कमी, तितका हा परिणाम दीर्घकाळ भोगावा लागतो.

महाराष्ट्रातील प्रश्न

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची तरुण वयातच गर्भाशये काढली जात असल्याचे वृत्त २०१९ साली प्रसिद्ध झाले. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पाळी व अंगावरून पांढरे जाणे यांसारख्या, बहुधा औषधांनी आटोक्यात येणाऱ्या तक्रारींसाठी ही शस्त्रक्रिया केली जाते का, हा प्रश्न त्यातून ऐरणीवर आला.